बुरोंडीचे अर्धे घरकुल

गेल्या वैशाखात बुद्धपौर्णिमेला बुरोंडीला जाण्याचा योग आला. ‘योग आला’ असे सवयीने लिहिले. खरे म्हणजे मला जावे लागले. माझ्या पिशवीत एक कागद होता आणि तो दिवाळीपासून माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. त्या कागदाची हकीकत पुढे येईलच. तो कागद केवळ माझ्या घरचा असता तर मी तो या पानावर आणला नसता. पण कोकणातून मुंबईत आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या खणात असा एखादा कागद पडलेला असतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मुंबईहून कोकण रेल्वेने खेडला उतरायचे. तेथून एस.टी.ने दापोली, आणि दापोलीहून दुसरी गाडी धरून समुद्राच्या दिशेने दहा-बारा किलोमीटर उतरले की बुरोंडी. वैशाखात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू आणि आंबा. मधूनच चिऱ्याच्या खाणी दिसतात. लाल जांभा दगड चौकोनी कापून रचून ठेवलेला असतो. कोकणातले घर म्हणजे हा चिरा. तो ज्याच्या दारात पडला त्याचे घर उभे राहणार, असे समजायचे.

दापोलीत गाडी बदलायला तासभर थांबावे लागले. आपल्या माणसाने दापोलीचा स्टँड नुसता ओलांडून जाऊ नये. इंग्रजांच्या काळात येथे लष्कराची छावणी होती, म्हणून जुनी माणसे आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेली आपली कितीतरी कुटुंबे येथे स्थायिक झाली. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतूनच निवृत्त झाले आणि दापोलीतून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ याच कॅम्पात राहिले. बाबासाहेबांच्या बालपणाचा काही भाग येथला. आणि दापोलीपासून जवळच वणंद आहे, माता रमाईचे जन्मगाव.

बुरोंडीच्या अलीकडे डोंगरावर पृथ्वीच्या गोलावर उभी केलेली परशुरामाची मोठी मूर्ती लागते. पर्यटकांच्या गाड्या तेथे थांबतात. समुद्र मागे हटवून कोकणची भूमी निर्माण केली, अशी कथा तेथे सांगतात. कथा ज्याची त्याला लखलाभ. मला आपले वाटत राहिले की ही जमीन कोणी निर्माण केली हे राहू द्या, तिच्यावर बांध कोणी घातले, चिरे कोणी वाहिले आणि तरीही तिच्या उताऱ्यावर नाव कोणाचे लागले, हे कोणीतरी पर्यटकांना सांगावे.

कारण कोकणातल्या घराचा प्रश्न हा आधी जमिनीचा प्रश्न आहे. येथे खोती होती. राबणारा राबायचा, खोत धारा गोळा करायचा, आणि राबणाऱ्याची झोपडीही खोताच्या मर्जीवर उभी असायची. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. खोत गेला. पण आपल्या बौद्धवाड्यांतला सातबारा आजही पाहा. तीन-चार गुंठ्यांचा तुकडा आणि त्यावर नऊ, बारा, कधी वीस नावे. आजोबा वारले, त्यांची वारस नोंद झाली नाही. मुलगे मुंबईला गेले. त्यांची मुले आता दिवा, विरार, नालासोपाऱ्याला. जमीन सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही.

बुरोंडी परिसरातल्या आमच्या वाडीत डांबरी रस्ता शाळेपर्यंतच येतो. पुढे पाखाडी चढायची. खाली बंदरावरचे सुकत घातलेल्या मासळीचे वारे वर येते. पाखाडी चढून गेलो तर काकी खळ्यातच बसली होती. ही माझी चुलत चुलती. वय सत्तरीच्या पुढे, नवरा नाही, मुलगाही नाही. अकरावीत शिकणारा नातू तेवढा जवळ. तो एस.टी.च्या पासावर दापोलीला कॉलेजला जातो.

“आलास काय रं बाला? दमलास. पाणी पी आधी,” ती म्हणाली.

पाणी प्यायलो. समोरच तिच्या घरकुलाचे जोते होते. अठरा फूट लांब, पंधरा फूट रुंद. चिऱ्याचे, व्यवस्थित, ओळंब्यात बांधलेले. कोपऱ्यांतून वर आलेल्या लोखंडी सळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून झाकल्या होत्या. तरीही गंज चढलाच होता. जोत्याच्या भेगांतून गवत उगवून वाळले होते. मागे बांबूवर टाकलेले पत्रे आणि ताडपत्री. काकी आणि नातू त्यात राहतात.

तिचे जुने मातीचे घर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात गेले. त्या दिवशी दापोली आणि मंडणगड तालुक्यांत किती घरांची कौले आणि पत्रे उडाले, हे तिकडच्या प्रत्येक माणसाला आठवते. नुकसानभरपाईच्या पैशांतून हे पत्रे आले. पुढे चार वर्षांनी रमाई आवास घरकुल योजनेच्या यादीत तिचे नाव लागले. पहिला हप्ता आला, जोते झाले आणि काम थांबले. मुंबईतल्याच एका हिस्सेदाराने ग्रामपंचायतीत हरकत दिली : जागा सामाईक आहे, आमची संमती नाही. नऊ हिस्सेदारांपैकी सहा जणांच्या सह्या काकीने मिळवल्या. तीन राहिल्या, तिघेही मुंबईकर. त्या तिघांत एक मी.

संमतीपत्राचा कागद मला दिवाळीत पोस्टाने आला होता. मी तो वाचला आणि खणात ठेवला. भावाला विचारू, वकिलाला दाखवू, आधी जागा पाहू, असे म्हणता म्हणता सहा महिने गेले. मनातली खरी भीती सांगतो. आज सही केली तर उद्या आपला हक्क जाईल. मी कारकून माणूस. दुसऱ्याच्या फाईलवर ‘त्वरित कार्यवाही व्हावी’ असा शेरा हजार वेळा लिहिला असेल.

काकीने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, “तुझं काय उत्तर नाय आलं. म्हटलं, पोस्टात अडकलं आसंल.”

रागावली असती तर बरे झाले असते.

त्या रात्री झोप लागली नाही. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबई सरकारच्या विकास खात्याने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून दोनशेहून अधिक इमारती. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. सरकारने चार भिंती दिल्या, त्यापलीकडे फारसे काही दिले नाही. बाकीचे सर्व आपल्या माणसांनी उभे केले. प्रत्येक गावाची एक खोली असे. गावाहून आलेला पोरगा पत्ता विचारत त्या खोलीवर यायचा. गिरणीत बदली कामगार म्हणून लागेपर्यंत त्याला झोपायला जागा आणि खाणावळीत उधारी मिळायची. कोणाकडे मयत झाली तर गावकरी मंडळाची पेटी उघडायची. व्हरांड्यात रात्रीचे अभ्यासवर्ग चालायचे. पुढे विहार झाले, बालवाड्या झाल्या. माझे वडील गावाहून आले तेव्हा ज्या खोलीत झोपले, तेथे पंधरा-वीस माणसे पाळीने झोपत. त्यांना कोणी संमतीपत्र मागितले नव्हते.

आज त्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. आमच्याकडे पात्रतेच्या कागदांची धावपळ झाली तेव्हा मी रात्री जागून शेजाऱ्यांचे अर्ज भरले. जुन्या भाडेपावत्या शोधल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून कार्यालयात नेले. लोक मला कार्यकर्ता म्हणतात. आणि हा कार्यकर्ता आपल्या काकीचा कागद सहा महिने दाबून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली. दुपारी नातवाला घेऊन वणंदला गेलो. रमाईच्या स्मारकापुढे पोरगा हात जोडून उभा राहिला. मग त्याने विचारले, “आजीच्या घरकुलाला हिचं नाव का दिलंय?”

मी त्याला मला माहीत होते ते सांगितले. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून बाजारात नेत. म्हणजे तुझ्या आजीच्या घरातून मासळीचे जे वारे येते, तेच वारे तिच्याही घरात येत असणार. आईवडील लहानपणीच गेले. मामा-काकांनी मुंबईला नेले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, भीमरावांशी लग्न झाले. पुढचा संसार परळच्या बीआयटी चाळीत. ती चाळही सरकारीच. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेली. ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत बाबासाहेब शिकले आणि त्यांची चळवळ वाढली. रमाईने तेथे चार लेकरे गमावली आणि नवरा परदेशी असताना घर सांभाळले. स्वतःचे म्हणावे असे घर, दादरचे राजगृह, तिला फार थोडा काळ लाभले. २७ मे १९३५ रोजी ती गेली.

“म्हणून,” मी म्हणालो, “जिला घर मिळायला इतका उशीर झाला, तिचे नाव घराच्या योजनेला दिले.”

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग आजीलाही उशीरच होणार काय?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. परत येऊन मी खळ्यात बसलो आणि बी.कॉम.च्या माणसाला जे येते ते केले, हिशेब मांडला. आमचा सामाईक तुकडा साडेतीन गुंठ्यांचा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे एकूण ३८११ चौरस फूट. नऊ हिस्सेदार समान धरले तर प्रत्येकी ४२३ चौरस फूट. काकीचे जोते २७० चौरस फुटांचे. म्हणजे तिने कोणाचे काही घेतलेले नाही. स्वतःच्या हिश्श्यापेक्षा दीडशे फूट कमीच वापरले आहेत. ज्या भीतीपायी मी सहा महिने सही केली नाही, ती भीती एका पोस्टकार्डावर मावेल एवढ्या हिशेबाने गेली. मी सही केली. साक्षीदार म्हणून वाडीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी सह्या केल्या.

वाचकहो, माझ्यासारखीच शंका अनेकांच्या मनात असते म्हणून सांगतो. संमतीपत्र वेगळे आणि हक्कसोडपत्र वेगळे. हक्कसोडपत्राने आपला हिस्सा सोडला जातो आणि त्याची नोंदणी करावी लागते. संमतीपत्रात आपण एवढेच म्हणतो की अमुक व्यक्तीने या सामाईक जागेत घरकुल बांधण्यास माझी हरकत नाही. त्यात जागेची लांबी-रुंदी आणि चारही बाजूंच्या हद्दी लिहाव्यात. जाण्यायेण्याची वाट मोकळी राहील असे लिहावे, आणि उरलेल्या जागेतला माझा हक्क कायम आहे हे वाक्यही घालावे. मग भिण्याचे कारण नाही. वाचता येत नसेल तर चार जणांत वाचून घ्यावे, पण कागद खणात ठेवू नये.

योजना कशी चालते तेही थोडक्यात सांगतो, कारण अर्धी घरकुले माहितीअभावी अडतात. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २००८ साली आणली. घर निदान २६९ चौरस फुटांचे हवे. ग्रामीण भागात घराचे १ लाख २० हजार आणि शौचालयाचे १२ हजार अशी बेरीज अनेक वर्षे होती. अशा रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू आकडा पंचायत समितीच्या घरकुल कक्षात विचारावा. पैसे एकदम मिळत नाहीत. जोते, मग भिंती, मग छप्पर, अशा टप्प्यांवर अभियंता येऊन फोटो काढतो आणि त्याप्रमाणे हप्ता थेट बँकेच्या खात्यात पडतो. खाते बंद असेल किंवा आधारला जोडलेले नसेल, तर हप्ता तेथेच अडकतो.

घराबरोबर इतर मदतीही असतात आणि त्या आपल्या लोकांपर्यंत फार कमी पोहोचतात. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला ती विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तिची मदत आधी ५० हजारांपर्यंत होती, पुढे ती एक लाखापर्यंत वाढवली. राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये महा आवास अभियान सुरू केले. त्यात गवंडी प्रशिक्षण, बचत गटांच्या बायकांनी चालवायचे ‘घरकुल मार्ट’ आणि बँकेचे ७० हजारांपर्यंतचे कर्ज या गोष्टी होत्या. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे धोरण आहे. गवंडी प्रशिक्षणाचे तर विशेष सांगतो. वाडीतला बेकार तरुण वाडीतलीच घरे बांधता बांधता कसब शिकतो, आणि ते कसब त्याच्याजवळ राहते.

पण या सर्व मदती कागदावरून उतरून पाखाडी चढून वर याव्या लागतात. काकीला लिहिता येत नाही. चिऱ्याची गाडी शाळेपाशी थांबते, तेथून प्रत्येक चिरा डोक्यावरून वर न्यावा लागतो. त्या वाहतुकीचे पैसे कोणत्याही अनुदानात वेगळे दिलेले नसतात. ती कमतरता माणसांनीच भरून काढायची असते. त्या संध्याकाळी विहारात बैठक घेतली. वाडीतल्या तरुणांनी कबूल केले की हप्ता आला की दोन रविवार चिरे वाहण्याचे श्रमदान करू. महिला मंडळाने एक वही घातली. वाडीत घरकुल कोणाचे मंजूर आहे, कोणता हप्ता आला, कोणता कागद अडला, हे त्या वहीत लिहायचे. वही नातवाकडे दिली. तो संध्याकाळचा अभ्यास विहारातच करतो, कारण तेथे दिवा आहे आणि डोक्यावर धड छप्पर आहे.

मुंबईला परतल्यावर पहिल्याच रविवारी दुसरी सही मिळवली. तिसरी मात्र ज्याने हरकत दिली त्याची. त्याच्या घरी गेलो तेव्हा तो भांडेल असे वाटले होते. तो भांडला नाही. म्हणाला, “दादा, मी भाड्याच्या खोलीत राहतो. कामावरून निवृत्त झालो की गावाला जाईन म्हणतो. तिथेही जागा उरली नाही तर मी जाऊ कुठे?” त्याचेही खरेच होते. बिनघरचा माणूस बिनघरच्या माणसाला अडवत होता, इतकेच. मी पोस्टकार्डावरचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. सही अजून झालेली नाही. पण जागा मोजायला तो माझ्याबरोबर बुरोंडीला येणार आहे.

मुंबईकर मंडळांना माझी एक विनंती आहे. आपण गावात विहार बांधतो, कमान उभारतो, जयंती थाटात करतो. ते करावेच. पण वार्षिक सभेत एक विषय कायमचा ठेवावा : वाडीतल्या कोणाचे घरकुल आपल्यापैकी कोणाच्या सहीवाचून अडले आहे काय? वारस नोंदी राहिल्या असतील तर मे महिन्यात गावी गेल्यावर तलाठ्याकडे अर्ज द्यावेत. आपल्या बापजाद्यांना चाळीतल्या गावच्या खोलीने थारा दिला. ते ऋण फेडण्याची ही साधी वाट आहे.

निघताना काकी पाखाडीपर्यंत आली होती. म्हणाली, “छप्पर पडलं की ये. चहा आतमंदी बसून पिऊ.”

घरी आल्यावर आपापला खण एकदा उघडून पाहा.

जय भीम!